छेद

विट्याच्या सरकारी दवाखान्यात, मागच्या खोलीत,
जिथं पूर्वी कुष्ठरोगाचे कागद असायचे,
मी जुनं रजिस्टर उघडते. सन दोन हजार पाच.
नावापुढं गाव, गावापुढं नवऱ्याचा धंदा:
गलाई, गलाई, ड्रायव्हर, गलाई.
कटक, जालंधर, गुंटूर, कोइमतूर.
सोन्याच्या चुऱ्यामागं
देशभर सांडलेला आमचा तालुका.

मी साथरोगांचा अभ्यास करते.
म्हणजे ताप बघतेस का, आई विचारते.
नाही, मोजते.
वर अंश, खाली छेद. किती गेले, कितीपैकी.
लुसाका, लिमा, कंपाला, आणि चौथं विटा.
परिषदेत प्रत्येक वेळी नकाशावर
बोट ठेवून दाखवावं लागतं.
प्रश्न साधा आहे:
जे मरायचे होते ते मेले नाहीत,
तर आता त्यांना म्हातारपण कसलं येतंय?

क्रमांक एकशेचौदा.
खरं नाव सांगता येत नाही. बायडाक्का म्हणू.
एकोणीस वर्षांपूर्वी तिचा सीडी-फोर शहाऐंशी होता.
मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलेलं,
पोराचं बघा कुणाकडं तरी.
ते पोर आता टेंभूच्या पाटावर कामाला आहे,
आणि त्याचं पोर तिच्या मांडीवर
माझ्या पेनाचं टोपण चघळतंय.

उपाशीपोटी साखर दोनशे बेचाळीस.
मुल्ला सिस्टरनी पट्टी दोनदा बघितली.
मी आवाज मऊ केला, शिकवतात तसा.
आक्का, तुम्हाला शुगर झालीय.

ती थांबली.
मग मिश्रीचे दात दाखवत एवढी हसली
की दारात शिपाई डोकावला.
"शुगर? मला?
आवं, ती तर सरपंचाला पन हाय!"

एकोणीस वर्षं तिची ती दुसरी गोळी
जोंधळ्याच्या डब्यात, तळाला, फडक्यात.
रात्री नऊला सून भांडी घासायला गेली
की कोपरापर्यंत हात आत.
"ही नवी कुटं ठेवू?"
कुठंही. आरशापुढं ठेवा.
"आरशापुढं?"
पुन्हा विचारलं,
जणू मी तिला घराचा
दर्शनी दरवाजा वापरायला सांगितलं होतं.

एकशेसहा प्रश्नांची माझी प्रश्नावली.
'इतर'मध्ये मी लिहिलं: हसली.
मग खोडलं. यंत्र फक्त आकडे घेतं.

महिन्यानं तिच्या गल्लीत गेले.
समोरच्या ओट्यावरून कुणीतरी ओरडलं,
बिनसाखरेचा टाक गं, आक्कीला शुगर हाय!
कुणी मेथ्या आणल्या, कुणी जांभळाच्या बियांची पूड,
कारल्याच्या रसावरून दोघी भांडल्या.
तिच्या आजाराचं नाव
पहिल्यांदाच गल्लीत मोठ्यानं घेतलं जात होतं,
आणि ती मधोमध बसलेली, ओटीत हात,
डोहाळजेवणाला बसल्यासारखी.

मला माहीत आहे हे हसू कुठं जातं.
आधी तळपाय, मग डोळे, मग मूत्रपिंड.
त्या गोळीचा वार सोमवार, ह्या गोळीचा गुरुवार,
दोन रांगा, दोन केसपेपर, एसटीचं दोनदा भाडं.
एका रांगेतला डॉक्टर
दुसऱ्या रांगेतलं पाकीट बघत नाही,
आणि ती आपणहून दाखवत नाही.
हे मी लिहिलंय. तक्ता तीन, तळटीप.

आज रजिस्टरात एकतिसावी ओळ.
गाव आमचं. धंदा गलाई, कटक.
वय एकोणतीस. निकाल: मयत.
कारणाच्या रकान्यात, वेगळ्याच अक्षरात, कावीळ.
लांब शेपटीचा ळ.
आजोबा असाच काढायचे.

घरात आम्ही अजून कावीळच म्हणतो.
काकाच्या फोटोखाली त्या दिवशी उसाचा रस ठेवतो,
उतरली असती म्हणून.

अंश नेहमी छेदातूनच येतो,
मीच मुलांना शिकवते.
नियमानं हा रकाना दुरुस्त करायचा आहे.
पेन्सिल हातात आहे.
बाहेर मुल्ला सिस्टर हाक मारतात,
एकशेपंधरा.